रिकाम्या चुलीचा वाटा

निशाचं लग्न झालं ते दोन हजार बावीस साल. वैशाखातला दिवस. दारात मांडव घातला होता, मांडवात हळदीची गाणी दणाणत होती, आणि नवरीची आजी कृष्णाबाई मात्र खाडीच्या बांधावर उकिडवी बसून मासळीचे वाटे घालत होती.

"वयनी, ऊठ गो आता," मागून विनिता म्हणाली. "तिकडं नात हळदीला बसली, नि तू हितं मासली कुरवालत बसलीस."

"हळद काय पलून जाते? मासली जाते."

"मेलेली मासली कुठं जाते गो?"

बांधावरची माणसं हसली. कृष्णाबाई हसली नाही. वाटे घालताना ती हसत नसे, बोलतही नसे फारसं. एका ढिगात जिताडा गेला की दुसऱ्यात तेवढ्या तोलाची कोळंबी टाकायची, चिंबोऱ्या लहानमोठ्या बघून फिरवायच्या, एवढ्यातच तिचा जीव असे.

टोकपाडा ही पनवेलच्या खाडीकाठची कोळ्यांची वस्ती. घरं जेमतेम चाळीस. काहींच्या होड्या होत्या, काहींच्या नव्हत्या. पण खाडीच्या एका फाट्याच्या तोंडाला खुंट ठोकून लावलेलं आडवं जाळं होतं ते सगळ्या पाड्याचं. भरतीला पाणी आत जायचं, ओहोटीला बाहेर पडायचं आणि मासळी जाळ्यात राहायची. ती काढून बांधावर आणायची, वाटे घालायचे आणि ज्याने त्याने आपला उचलायचा. आजोबा-पणजोबांपासून असंच चाललं होतं.

वाट्यांचा क्रम ठरलेला होता. पहिला वाटा रिकाम्या चुलीचा. ज्या घरात चूल पेटते पण जाळ्यावर यायला बाप्या नाही, त्या घराचा. त्यानंतर जाळं ओढणाऱ्यांचे. त्यानंतर होडीवाल्यांचे. आणि जो वाटे घालतो त्याने सगळ्यांत शेवटी, जो उरेल तो उचलायचा. हे कोणी सभा भरवून ठरवलेलं नव्हतं. जुन्या माणसांना एवढंच ठाऊक होतं की जो ओढायला येऊ शकत नाही तो मागायलाही येत नाही. म्हणून त्याचं आधी.

वाटे घालून झाले की एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राही. दुसरा ढिगावर काठी ठेवून विचारी, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेई. एकदा नाव घेतलं की तो वाटा त्याचा. मग तो धनी त्या दिवशी येवो न येवो. एकदा विनिता मोरा गावी भावाकडे अडकली होती. तिच्या नावाचा ढीग ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस पडून राहिला, सडला, वास सुटला, पण कोणी हात लावला नाही. शेवटी ती आली आणि नाकाला पदर लावून तिनेच तो खाडीत लोटला. "तुमच्या इमानानं माझी मासली कुजली," असं म्हणून वर चार शिव्या घातल्या.

एकच अट होती. चूल पेटती पाहिजे. घराला कुलूप लागलं, चूल थंड झाली, की वाटा संपला.

कृष्णाबाईचा नवरा धर्मराज असेपर्यंत वाटे तो घालायचा. तो गेल्यावर पाड्याने तिला सांगितलं, तूच घाल. बाईने वाटे घालायची रीत नव्हती. पण तिच्या हाताला कोणाचा संशय नव्हता, आणि शेवटचा वाटा ती ढिगाकडे न बघता पाटीत भरायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

विनिता तिच्याहून बरीच लहान. नवरा दीनानाथ तरुणपणीच वादळात गेला. मूलबाळ नव्हतं. घर पाड्याच्या अगदी खालच्या अंगाला. पनवेलच्या मच्छी मार्केटात या दोघींनी शेजारी शेजारी पाट्या मांडून तीस वर्षं काढली होती. गिऱ्हाईक घासाघीस करून दमलं की कृष्णाबाई गप्प बसायची आणि विनिता म्हणायची, "घ्या ताई. तुमी नाय घेतलं तं आमाला खावं लागंल, नि आमाला मासली आवडत नाय." गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं.

त्या दिवशी, हळदीच्या गाण्यांत, पहिल्या ढिगावर काठी पडली तेव्हा नाव निघालं, "विनिता दीनानाथ." दुसऱ्यावर, "विठू." विठूचा पाय होडीच्या इंजिनात गेला होता, तेव्हापासून त्याचीही चूल रिकामीच धरत. पलीकडच्या तीरावर डंपर एकामागून एक माती ओतत होते. फाट्याच्या तोंडापर्यंत भराव आला होता. त्यानंतर पावसाळ्यासाठी जाळं काढलं, आणि दसऱ्यापर्यंत तोंड बुजलं. बांधावर वाटे पडले ते निशाच्या हळदीच्या दिवशी शेवटचे.

*

खाडी बुजवल्याच्या भरपाईची रक्कम मंजूर झाली ती त्यानंतरच्या थंडीत. ती मच्छीमार सोसायटीच्या खात्यात आली. सोसायटीचा अध्यक्ष होता कृष्णाबाईचा मुलगा शैलेश.

शैलेश वाईट माणूस नव्हता. तो कोणाच्या अडीअडचणीला धावायचा, मयताला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे असायचा. पण खाडी गेली हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळलं होतं, आणि ज्याला आधी कळतं त्याला घाई होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर लावायचे, त्यांना बारा महिने माल आहे, हे त्याने हेरून ठेवलं होतं.

देवळापुढच्या ओट्यावर सभा बसली. शैलेशने कामोठ्याहून एका साहेबांना आणलं होतं. अविनाश त्यांचं नाव. बँकेतून निवृत्त झालेले, शांत, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी नीट समजावलं.

"हे बघा, चाळीस घरांत वाटलेत तर प्रत्येकाच्या हाती जे येईल ते वर्षभरात खाऊन संपेल. त्यापेक्षा ज्यांच्याकडे होड्या आहेत, ज्यांना कर्ज मिळू शकतं, अशा आठदहा जणांनी आधी धंदा उभा करावा. त्यांचे ट्रेलर चालले की ड्रायव्हर लागतील, क्लीनर लागतील, हमाल लागतील. म्हणजे गावातच काम आलं. वरचं भरलं की खाली झिरपतंच. हा अर्थशास्त्राचा नियम आहे."

विनिता बायकांच्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, "साहेब, एक इचारू?"

"विचारा ना मावशी."

"तुमच्या घरी लगीन निघालं, तं यजमान आधी जेवतो?"

ओट्यावर हशा पिकला. साहेबही हसले. म्हणाले, "नाही हो. यजमान शेवटी."

"मंग ह्ये कुठलं लगीन काढलंत, सगले यजमान पहिल्या पंगतीला?"

आणखी हसले. प्रभाकर नावाचा होडीवाला डोळे पुसत म्हणाला, "काकी, तुना दिल्लीला धाडायला पायजे." शैलेशही हसला. हसता हसता सभा सैलावली, आणि सैलावली म्हणून पैसा आधी होडीवाल्यांना द्यायचा ठराव सोपा झाला. माणसं पोटभर हसली की त्यांना वाटतं, आपण विरोध करून झालं.

मात्र दोनचार म्हाताऱ्यांनी कृष्णाबाईकडे बघितलं. "कृष्णाबाय, तू सांग. वाटे तू घालतेस."

शैलेशनेही आईकडे बघितलं. त्याच्या नजरेत विनवणी होती. लहानपणी तो होडीवर येण्याचा हट्ट धरायचा तेव्हा असाच बघायचा.

कृष्णाबाईला ती मोठी रक्कम, तो धंदा, काही डोळ्यांपुढे येत नव्हतं. ढीग दिसला असता तर हात चालला असता. तिने एवढंच विचारलं, "रिकाम्या चुलींचं काय?"

"आये, त्यांचं राखून ठेवणार ना," शैलेश लगेच म्हणाला. "धंदा उभा राहिला की पहिल्यांदा त्यांचंच. विनिता काकीचं घर, विठूचं घर. मी शब्द देतो."

"शब्द नको. नाव घे."

शैलेश उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, "विनिता दीनानाथ. विठू."

"झालं तं मंग," कृष्णाबाई म्हणाली.

घरी जाताना विनिता तिच्या बाजूने चालत होती. "वयनी, मासलीचा वाटा गोनपाटाखाली दिसायचा. ह्यो कुठं ठेवलाय?"

"नाव घेतलंय ना?"

"घेतलंय."

"नाव घेतलेला वाटा कोन खातो का?"

विनिताला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. उभ्या आयुष्यात त्या दोघींनी असा वाटा कोणी खाल्लेला पाहिला नव्हता.

*

पुढच्या उन्हाळ्यात पाड्यात डंपर शिरायला लागले. खाडीची पसरायची जागा गेली, तेव्हा उधाणाचं पाणी आता घरांकडे येणार हे पोरांनाही कळत होतं. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी मुरूम टाकून जोती उचलली. शैलेशने जुनं घर पाडून नवं बांधलं. पुरुषभर उंच जोतं, त्याला सात पायऱ्या, वर फरशीचा ओटा. कृष्णाबाईला त्या पायऱ्या चढताना गुडघे धरावे लागत, पण ओटा गार होता आणि वारा छान लागे.

एकाने जोतं उचललं की शेजाऱ्याला उचलावं लागे. मग रस्ता वर आला. असं करत करत विनिताचं घर, जे आधी नुसतं खालच्या अंगाला होतं, ते खड्ड्यात गेलं. जागचं हललं नव्हतं ते. बाकीचं सगळं वर गेलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात उधाणाला घोट्याएवढं पाणी आत आलं. विनिताने विटा रचून त्यावर चूल चढवली. कृष्णाबाई बघायला गेली तर ही पाटावर पाय घेऊन बसलेली.

"बघ गो वयनी, आता होडीची गरज नाय. मासलीच घरी येते. काल निवट्या आला होता. चुलीकडं बघत होता मेला. मी म्हनलं, ये, बस, चाय घे."

"शैलेशला सांगते मी मुरूम टाकायला."

"माझ्या वाट्यातला टाकायला सांग. फुकट नको."

कृष्णाबाईने सांगितलं. शैलेश म्हणाला, "आये, जरा थांब. ट्रेलरचे हप्ते हायेत. दिवाळीनंतर बघतो."

दिवाळीनंतर त्याने तिसरा ट्रेलर घेतला. "जुन्या दोघांचं कर्ज फेडायला हा लागतोच," असं त्याने आईला समजावलं. तिला त्यातलं गणित कळलं नाही, पण तो खोटं बोलत नाही एवढं कळलं. विठूला त्याने कळंबोलीला ट्रेलर उभे राहतात तिथे राखणीला ठेवलं होतं. विनिताला बोलावून म्हणाला, "काकी, ऑफिस झाडायला येशील? पगार देईन दर महिन्याला."

"येईन ना. न यायला काय झालं?"

"मग झालं तर. तुझंही काम झालं."

"झाडायची ती मजुरी," विनिता म्हणाली. "वाटा वेगला."

शैलेश हसला. "काकी, तू पण ना."

ती रोज रिक्षाने कळंबोलीला जाई, ऑफिस झाडी, लोखंडाची धूळ पदराने पुसत परत येई. पहिल्या पगाराची मिठाई तिने कृष्णाबाईला आणून दिली. काम चुकवलं नाही एक दिवस. पण ते काम म्हणजे आपला वाटा, हे तिने कधीच मान्य केलं नाही. लोक तिला म्हणायचे, मिळतंय ते घे की मुकाट. ती म्हणायची, "घेते की. मुकाट कशाला?"

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, दोन हजार चोवीस साली, कृष्णाबाईने मुलाला पुन्हा गाठलं. शैलेश जेवायला बसला होता. सून वाढत होती.

"शैलेश, विनिताचा वाटा काढ. औंदा पानी जास्त हाय."

"आये, जेवू दे ना."

"जेव. जेवून काढ."

त्याने घास खाली ठेवला. "काढ म्हणजे कुठून काढू? तो काय डब्यात ठेवलाय का? धंद्यात हाय तो. फिरतोय. एक ट्रेलर महिनाभर उभा आहे, माल नाही. बाकी दोघांचे हप्ते थकलेत. प्रभाकरने तर त्याचा विकला. मला काय कमी टेन्शन हाय?"

"तू नाव घेतलं होतंस."

"घेतलं होतं. देणार हाय. नाय कुठं म्हणतो? पण आधी मी तर उभा राहिलो पाहिजे ना, आये. मीच पडलो तर काकीला काय, तुलाही कोण बघणार?"

सून म्हणाली, "आई, त्यांना जेवू द्या."

कृष्णाबाई ओट्यावर जाऊन बसली. खाली अंधारात विनिताच्या घरातला जाळ दिसत होता. तिला जे कळायचं ते तेव्हा कळलं. वाटा नव्हता. गोणपाटाखाली काही नव्हतंच. नाव घेऊन ठेवलेला वाटा खाल्ला गेला होता, आणि तो तिच्याच घरात, तिच्याच पानात वाढला गेला होता. ती ज्या गार फरशीवर बसली होती तीही त्यातलीच असेल.

*

हे विनिताला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्यासाठीच खाली उतरली. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"तू वर ये राहायला. पावसाळाभर. माझ्या खोलीत दोघी झोपू."

"तू घोरतेस."

"खरंच सांगते गो."

"मीपन खरंच सांगते." विनिता चुलीत काटकी सारत होती. "वयनी, तुना ठावं नाय का? चूल थंड झाली तं वाटा जातो. दोन वर्सं राखली मी ही. आता सोडू?"

"पावसाळ्यापुरती."

"उद्या कोनी म्हनलं, घर बंद होतं, चूल नव्हती, मंग? शैलेश नाय म्हननार. पन सोसायटीत बाकीचे हायेत. त्यांना तोंड मिलंल. नको गो." मग तिने हात गुडघ्याच्या वर धरून दाखवला. "एवढं जोतं केलं ना, तरी पुरे. तुझ्यासारख्या पायऱ्या नको मना. माझे गुडघे काय सरकारी नायत. एवढंच. मंग पानी बाहेरून जाईल, मी आतून बघीन."

कृष्णाबाई तिच्या हाताकडे बघत राहिली. सांगायचं ते तसंच राहिलं. त्यात मुलाची अब्रू होती, आणि स्वतःचीही. कारण सभेत "झालं तं मंग" म्हणाली होती ती स्वतः. तिने म्हटलं म्हणून पाडा उठला होता.

आषाढात ती रोज वरून कालवण-भात पाठवी. विनिता भात ठेवून घेई आणि डबा धुऊन परत करताना त्यात काहीतरी घाली. चार खुबे, एखादी चिंबोरी, काही नाही तर दोन मिरच्या. रिकामा डबा तिने कधी परत दिला नाही. चूल मात्र दोन वेळा पेटवी. विटा वाढत गेल्या. आता चूल तिच्या कमरेला आली होती आणि ती पाण्यात उभी राहून भाकरी थापायची. गटाराचं, भरावाचं, कुठकुठलं पाणी होतं ते. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, मग जखमा झाल्या.

श्रावणात ताप आला. ऑफिसला ती आली नाही म्हणून विठूचा फोन आला, "काकी कुठं हाय?" कृष्णाबाई पायऱ्या उतरून गेली. पाणी मांडीला लागत होतं. विनिता खाटेवर होती. डोळे पिवळे पडले होते. अंगाला हात लावला तर तवा.

"चल दवाखान्यात."

"संध्याकालची चूल पेटवून जाऊ."

"विनिता."

"पेटव ना गो तू. मना उठवत नाय. एक काटकी घाल, नि मंग जाऊ."

कृष्णाबाई पाण्यात उभी होती. लाकडं ओली होती, काडेपेटी ओली होती. तिने दोनदा काडी ओढली. पेटली नाही. तेव्हा ती विनिताजवळ आली, खाटेच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"पेटवायची गरज नाय," ती म्हणाली. "वाटा नाय ऱ्हायला."

विनिताने डोळे उघडले.

"शैलेशनं धंद्यात घातला. गेला तो. लय दिस झाले मना ठावं होऊन."

खालून कुठून तरी पाणी भिंतीवर आपटत होतं. विनिता छपराकडे बघत होती. ती शिव्या देईल असं कृष्णाबाईला वाटलं. द्याव्या, असंही वाटलं.

"मंग ही चूल," विनिता म्हणाली, "कोनासाठी पेटवत होते गो मी?"

कृष्णाबाईने हातातली ओली काडेपेटी खाटेवर ठेवली.

"मासली तरी कुजायची," विनिता म्हणाली. "कलायचं तरी."

कृष्णाबाईने दारातून वर हाक मारली. शैलेश धावत आला. त्यानेच तिला पाठीवर घेतलं आणि पाण्यातून रस्त्यापर्यंत नेलं. गाडी त्याची, चालवायला ड्रायव्हर, पुढच्या सीटवर कृष्णाबाई, मागे तो काकीचं डोकं मांडीवर घेऊन. पनवेलला पोचेपर्यंत तो एकसारखा म्हणत होता, "काकी, काय नाय होत. काकी, मी बघतो सगलं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं. उंदरांच्या मुताच्या पाण्यातून होणारा ताप आहे, काविळीवर गेला आहे, मूत्रपिंडाला लागला आहे, फार उशीर केलात, असं ते म्हणाले. त्यांनी करायचं ते सगळं केलं. एक नर्स आली, पोरगेलीशी. अनुया असं तिच्या छातीवर लिहिलेलं. तिने कृष्णाबाईला विचारलं, "आजी, तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

"कोन म्हंजे?"

"म्हणजे बहीण, जाऊ, नणंद?"

कृष्णाबाईने विचार केला. यातलं कोणी ती नव्हती. "बाजारात शेजारी बसायचो आमी," ती म्हणाली.

"त्यांचं दुसरं कोणी नाही का?"

"मोऱ्याला भाऊ हाय. त्याला कलवलंय. तो येईल."

"बरं. मग तुम्ही बसा इथे." पोरीने तिला स्टूल आणून दिलं.

भाऊ पहाटे पोचला तेव्हा विनिता शुद्धीवर नव्हती. कृष्णाबाई स्टुलावर बसून तिचा हात धरून होती. तो हात मासळीने कापून कापून खरबरीत झालेला, अंगठ्याला जुना कोयत्याचा वण. मध्येच त्या हाताची बोटं हलली. गिऱ्हाईकाला पाटीतला मासा उलटून दाखवावा तशी. मग थांबली.

दुपारी तिला पाड्यात आणलं. रस्ता कोरडा होता, पण तिच्या घरात खाटेच्या फळीपर्यंत पाणी चढलेलं होतं. माणसं दारात उभी राहून आत बघत होती. ताटी कुठे टेकवायची, अंघोळ कुठे घालायची, कोणाला सुचत नव्हतं. भाऊ म्हणाला, "रस्त्यावरच ठेवू."

"नाय," शैलेश म्हणाला. "वर घ्या. आमच्याकडं."

चौघांनी तिला उचलून त्या सात पायऱ्या चढवल्या आणि फरशीच्या ओट्यावर ठेवलं. ओटा गार होता, कोरडा होता. खालून वारा येत होता. पाड्यातल्या बायका येऊन बसल्या. कोणीतरी तिच्या पायांवरचा चिखल धुऊ लागलं, तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मी धुते." तिने तांब्या घेतला. बोटांच्या बेचक्यांतून तिने सावकाश, एकेक करून, सगळा चिखल काढला.

शैलेश पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "आये, मी देणार होतो गं."

"हां," कृष्णाबाई म्हणाली. "तू देणार होतास."

दीनानाथ कोळी यांची बायको विनिता टोकपाड्याच्या खालच्या घरात राहत होती. ती दोन हजार चोवीस सालच्या श्रावणात, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, पनवेलच्या सरकारी दवाखान्यात वारली.